गल्ल्यावर कोण बसलंय?

मुंबईतल्या एखाद्या नाक्यावरचा परमिट रूम दोन-तीन महिने बंद राहिला, शटरबाहेर प्लायचे तुकडे आणि रंगाचे डबे दिसू लागले, की आजूबाजूच्या इमारतींत बातमी पोचायला वेळ लागत नाही. ‘शेट्टीने चालवायला दिला.’ कुणाला दिला, किती डिपॉझिट घेतलं, नवा माणूस कुठला, याआधी त्याचं काय होतं, याची चौकशी पानवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत होते. पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला किचनच्या एक्झॉस्टची काळजी असते. रोजच्या गिऱ्हाइकांना चकण्याची असते. उकडलेले चणे आणि काकडी आता बिलात लागणार की काय? क्लासवरून रात्री नऊला परतणाऱ्या मुलींच्या आया एवढंच विचारतात की दारात उभं राहणारं टोळकं जाणार की वाढणार. समोरचा अंडाबुर्जीवाला मात्र खूष असतो, कारण नवा मालक बहुधा स्वयंपाकी बदलतो आणि पहिले काही आठवडे आतलं जेवण बिघडतं.

या गप्पांमध्ये दारू वाईट की चांगली हा प्रश्न फारसा येत नाही. दारू तर कालही होतीच. प्रश्न असतो माणसाचा. सरकारने मात्र या धंद्याकडे जवळपास दीडशे वर्षं बाटलीच्या बाजूने पाहिलं आहे. परवाने किती, शाळेपासून अंतर किती, महसूल किती, याचा हिशेब त्याच्याकडे चोख असतो. शेजाऱ्याचा हिशेब गल्ल्यावर बसणाऱ्या माणसापासून सुरू होतो, आणि हे दोन हिशेब फार क्वचित जुळले आहेत.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात दारू विकण्याचा हक्क सरकार मक्त्याने देई. जास्त बोली लावेल त्याच्याकडे भाग जाई. कोकणपट्टीत माडाची ताडी काढणारे भंडारी हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करत आले होते. ज्या वाडीत माड, त्याच वाडीत पिणारे, आणि काढणाराही तिथलाच, असं ते गावातल्या गावात भागणारं काम होतं. १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडागणिक कर बसवला, गावठी भट्ट्या मोडीत काढून मोठ्या भट्ट्यांना उत्तेजन दिलं, आणि विक्री भांडवल असलेल्या मक्तेदारांकडे सरकत गेली. ठाणे आणि सुरत जिल्ह्यांत असे मक्तेदार व दुकानदार बरेचसे पारशी होते. पारशी समाजातली दारूवाला, ताडीवाला ही आडनावं त्या काळाची साक्ष देतात. गावाच्या दृष्टीने पाहिलं तर दारू पूर्वीही होती, आता ती विकणारा बाहेरून आला होता. तो उधारी लिहून ठेवत असे आणि उधारीपोटी शेतावर राबवूनही घेत असे.

त्याचा हिशेब १९२२ मध्ये झाला, आणि तोही चमत्कारिक रीतीने. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांतून ‘देवी अंगात येण्याचं’ एक वारं उठलं, डोंगराकडच्या आदिवासी गावांत शिरलं आणि दक्षिण गुजरातभर गेलं. देवीच्या आज्ञा साध्या होत्या: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. बऱ्याच ठिकाणी त्याला आणखी एक कलम जोडलं गेलं. दारूचा धंदा करणाऱ्या पारशाच्या शेतावर कामाला जायचं नाही. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर आख्खा ग्रंथ लिहिला आहे. तो वाचताना ध्यानात येतं की लोकांनी पेला खाली ठेवला, त्याच वेळी पेला भरणाऱ्याच्या सत्तेलाही नकार दिला. पुढे पुष्कळ गावं पुन्हा प्यायला लागली. दुकानदाराचा जुना दरारा परत आला का, हा त्याहून मोलाचा प्रश्न आहे.

शहरातला निषेध जास्त सुशिक्षित होता आणि अर्जाच्या भाषेत बोलत होता. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. नगरपालिका आरोग्यावर खर्च करते आणि सरकार वस्तीत दुकानं उघडतं, या विसंगतीवर त्यांनी बोट ठेवलं होतं. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यात स्वयंसेवक गुत्त्यांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडू लागले. सरकारला ते खपलं नाही. धरपकड झाली, मनाई हुकूम निघाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि शहराचं लक्ष तिकडे वळलं. त्या आंदोलनाचा एक धडा सरकार कधीच विसरलं नाही: गुत्त्यासमोरची गर्दी ही राजकीय गर्दी होऊ शकते.

मग गर्दीतलेच लोक सरकारात आले. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहर आणि उपनगरांत दारूबंदी लागू केली. खातं होतं डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे. नामांकित हृदयरोगतज्ज्ञ, आणि स्वतः पारशी. ज्या समाजातली शेकडो कुटुंबं ताडीच्या आणि दारूच्या दुकानांवर जगत होती, त्याच समाजातल्या मंत्र्याने ती बंद करायची, याचा पारशी मुंबईत केवढा संताप झाला असेल याची कल्पना करावी. बुडालेला महसूल भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसला, म्हणजे न पिणारे घरमालकही चिडले. मंत्रिमंडळाने काही महिन्यांतच राजीनामा दिला आणि तो प्रयोग कोर्टकचेरीत विरून गेला.

दुसरा प्रयोग विरला नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हा मोरारजी देसाईंच्या गृहमंत्रिपदाच्या काळातला. नावात ‘महाराष्ट्र’ घालून तोच कायदा आजही चालू आहे. गंमत अशी की आज राज्यभरातले बार, वाइन शॉप आणि बिअर शॉपी ज्या कायद्याखाली चालतात त्याचं नाव ‘दारूबंदी अधिनियम’ आहे. बंदी हा नियम, परवाना हा अपवाद. पिणाऱ्यालाही परवाना लागतो: बिअरला वय २१, कडक दारूला २५. अनेक बारमध्ये एक दिवसाच्या पाच रुपयांच्या परवान्यांचं पुस्तक ठेवलेलं असतं. ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, पण ‘परमिट रूम’ हे नाव तिथूनच आलं.

दारूबंदीच्या वर्षांत वस्तीतल्या बारचं व्यवस्थापन थेट घरात शिरलं. वांद्रे, माहीम, धोबीतलाव, भायखळा, माझगाव इथल्या गोवेकर आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत काही बायकांनी पुढच्या खोलीत टेबल-खुर्च्या मांडल्या. याच त्या ‘आंटी’. पडद्याच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे स्वयंपाक आणि अभ्यासाला बसलेली पोरं. ‘नवटाक’ मापाने मिळणारी गावठी, सोबत मीठ लावलेले चणे, फार तर एखादं अंडं. माल येई धारावीच्या आणि खाडीकाठच्या भट्ट्यांवरून, सायकलच्या ट्यूबमधून आणि फुग्यांतून. हप्ता हवालदारापासून वरपर्यंत जाई. या धंद्याच्या घाऊक बाजूनेच पुढे मुंबईतल्या टोळ्या पोसल्या. वरदराजन मुदलियारचं साम्राज्य हातभट्टीवर उभं राहिलं हे जगजाहीर आहे.

आणि तरीही शेजाऱ्यांच्या आठवणींत आंटीबद्दल फारसा राग सापडत नाही. कारण ती तिथलीच होती. गिऱ्हाइकाने आवाज चढवला तर ती त्याला बाहेर काढी, कारण भिंतीपलीकडे तिचीच चुलत जाऊ राहत असे. कुणाला किती द्यायचं आणि कुणाच्या बायकोला निरोप धाडायचा, हे तिला ठाऊक असे. याचा फार गोड चष्मा लावायला नको. नवसागर आणि बॅटरीचे सेल घातलेल्या दारूने माणसं आंधळी होत, मरत. आंटीच्या घरातल्या मुलांनी जे पाहिलं ते कुणी पाहू नये. पण शिस्त म्हणून जी काही होती ती शेजारधर्मातून आलेली होती, पोलिसातून नव्हे.

साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाल्यावर बंदी सैल होत गेली आणि सत्तरीच्या सुरुवातीला परवाने खुलेपणाने मिळू लागले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले आणि सरकारमान्य ‘देशी’ दुकानं उघडली. संत्र्याच्या वासाची बाटली कायदेशीरपणे मिळायला लागल्यावर आंटीचं गिऱ्हाईक पांगलं. तिची मुलं एव्हाना आखाती देशांत किंवा बँकेत नोकरीला लागली होती. पुढची खोली पुन्हा घराची झाली.

तिची जागा घेतली ती दक्षिण कानड्यातून आलेल्या शेट्टींनी. उडुपी-मंगळूर पट्ट्यातली बंट समाजाची मुलं वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी मुंबईत येत, हॉटेलात कपबशा विसळत, रात्री कन्नड शाळेत जात आणि पुढे गल्ल्यावर बसत. इडली-डोशाच्या हॉटेलात नफा होता, पण पातळ. परमिट रूममध्ये तो घट्ट होता. गिरणगावात, दादरला, ठाण्यात, डोंबिवलीत एकाच साच्यातली बार अँड रेस्टॉरंटं निघाली. बाहेरच्या बाजूला दिवे आणि रेक्झिनची बाकं, आतल्या बाजूला एसी सेक्शन, आणि बाजूच्या दाराने ‘फॅमिली रूम’. त्या फॅमिली रूममध्ये बहुधा कुटुंब सोडून बाकी सगळे बसत. १९७९ मध्ये या मालकांची ‘आहार’ ही संघटना उभी राहिली.

मराठी वस्तीने शेट्टीला आधी परका म्हटलं. साठीच्या अखेरीस शिवसेनेच्या ‘लुंगीवाल्यां’विरुद्धच्या मोहिमेत उडुपी हॉटेलांच्या काचा फुटल्या होत्या, हे अनेकांच्या स्मरणात होतं. पण शेट्टी हुशार. त्याने गणपतीच्या वर्गणीची पावती सगळ्यात मोठी फाडली, दहीहंडीला टी-शर्ट दिले, शाखेला दिवाळीत मिठाई धाडली. गिरणी कामगाराला पगार होईपर्यंत वही चालवून दिली. १९८२ चा गिरणी संप लांबला तेव्हा त्या वह्यांचं पुढे काय झालं, हा एखाद्या अभ्यासकाने हातात घ्यावा असा विषय आहे. दहा वर्षांत शेट्टी ‘आपला’ झाला. इतका, की तो बार दुसऱ्याला चालवायला देऊन बोरिवलीला फ्लॅटमध्ये गेला, तेव्हा वस्तीला चुकल्यासारखं वाटलं.

इराण्यांच्या बाबतीत उलटं घडलं. तिथे मालक तोच राहिला आणि बाटली नवी आली. कोपऱ्यावरचं दुकान, बेंटवुडच्या खुर्च्या, मस्काब्रून आणि एका चहावर तासभर बसायची मुभा, हे गणित जागांचे भाव वाढल्यावर टिकेना. काहींनी दुकान विकलं, काहींनी बिअरचा परवाना काढला. फोर्टातल्या कॅफे मिलिटरीत आज खिम्याबरोबर बिअर मिळते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. कुलाब्यातलं १९३२ चं मोंडेगार मारिओ मिरांडांच्या भिंतीवरल्या चित्रांसाठी आणि बिअरसाठी ओळखलं जातं. शेजारचं लिओपोल्ड तर १८७१ पासूनचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथे गोळ्या चालल्या आणि काही दिवसांतच ते पुन्हा उघडलं, तेव्हा लोक मुद्दाम जाऊन बसले. कुलाब्याला इराण्याकडची बिअर पचली, कारण कुलाबा बंदरातल्या खलाशांचा आणि पर्यटकांचा. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय वस्तीत मात्र इराण्याकडे बिअर आली की आजोबा मंडळींनी तिथला सकाळचा चहा बंद केला. संध्याकाळच्या बिअरचा सकाळच्या चहाला खरं तर काही उपद्रव नव्हता. पण नातवाला घेऊन तिथे बसायची सोय गेली.

मग डान्सबार. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अनेक परमिट रूमचं बाहेरचं नाव तेच राहून आतलं सगळं बदललं. पनवेलपासून मीरा रोडपर्यंत रात्री उशिरा टॅक्सींच्या रांगा लागू लागल्या. जुना मालक पाटीवर, नवा माणूस आत. वस्तीला कळायच्या आत कारभार पालटलेला असे. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या तक्रारींना आवाज दिला आणि १५ ऑगस्ट २००५ पासून बारमधल्या नाचावर बंदी आली. तीन तारे आणि वरची हॉटेलं मात्र त्यातून वगळली होती. हीच फट न्यायालयात महागात पडली. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. जे नृत्य श्रीमंतांच्या हॉटेलात चालतं ते साध्या बारमध्ये अश्लील कसं, हा प्रश्न बिनतोड होता. सरकारने पुन्हा कायदा केला, त्यात शाळा-देवळांपासून एक किलोमीटरची अट घातली. मुंबईत शाळा किंवा देऊळ नसलेला किलोमीटर शोधायचा तर समुद्रातच जावं लागेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अटही काढून टाकली. या चौदा वर्षांच्या झगड्यात बारमालकांची संघटना बोलली, बारबालांची संघटना बोलली, सरकार बोललं. समोरच्या इमारतीत राहणारा माणूस न्यायालयात कुठेच नव्हता.

त्याला बोलायची एक अधिकृत जागा मात्र महाराष्ट्रात आहे, आणि ती बायकांनी मिळवली. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मेख ‘नोंदलेल्या’ या शब्दात आहे. जी सासरी गेली, जी ऊसतोडीला गेली, जी त्या दिवशी तापाने पडली, तिची अनुपस्थिती बाटली उभी ठेवायला मदत करते. आमदार निवडून यायला एवढी अट नाही. तरीही अनेक गावांनी बाटली आडवी केली. मतदानाच्या आदल्या आठवड्यात गावात जेवणावळी आणि साड्या वाटल्याच्या तक्रारी व्हायच्या. एवढा खर्च कोण करतं हे गावाला पक्कं माहीत असे.

या मतदानालाही दोनच चित्रं आहेत. ‘दुकान राहू दे, पण चालवणारा बदला’ असं तिसरं चित्र नाही. शहरातल्या प्रभागात असं चित्र असतं तर कदाचित सर्वांत जास्त शिक्के त्यावरच पडले असते. साऱ्या जिल्ह्याची बाटली आडवी करून पाहण्याचाही प्रयोग झाला. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात परवानाधारक दुकानदार बाजूला झाला आणि धंदा ज्याच्या हाती गेला त्याची पाटी कुठेच नव्हती.

नवी मंडळी येताना अलीकडे वाद पाटीवरूनही होतो. देवाचं, संतांचं, एखाद्या गडाचं नाव बारला द्यायची जुनी खोड आहे. त्यामागे भक्ती असते की पोलिसांना आणि वर्गणीवाल्यांना धाक, हे ज्याचं त्याला माहीत. २०२२ मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांबद्दलचा निर्णय झाला तेव्हा मद्य मिळणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत, असंही ठरलं. नाव बदललं की शेजाऱ्यांची अर्धी तक्रार मिटते, असा काही चालकांचा अनुभव आहे. उरलेली अर्धी म्हणजे डीजे.

२०२५ हे वर्ष या सगळ्या कथेत मजेशीर ठरलं. मार्चमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत सांगितलं की गृहनिर्माण सोसायटीच्या गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आनंदाला भरतं आलं. जूनमध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे कर वाढवले आणि त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट मान्य केली: वाइन शॉप आणि परमिट रूमचे परवाने करारावर दुसऱ्याला चालवायला देता येतील, त्यासाठी वार्षिक परवाना शुल्काच्या अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा रक्कम भरायची. जे वर्षानुवर्षं ‘नोकरनामा’ नावाच्या कागदाआड चाललं होतं, म्हणजे मालकाने चालकाला कागदोपत्री आपला नोकर दाखवायचं, त्याला सरळ दार मिळालं. वाइन शॉपचे नवे परवाने राज्याने सत्तरच्या दशकापासून थांबवलेले असल्याने जुन्या परवान्याला किती किंमत येते, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. १४ जुलैला करवाढीच्या निषेधार्थ राज्यभरातल्या हजारो बारमालकांनी शटर खाली ठेवली. चालवायला देण्याच्या सोयीबद्दल मात्र कुणी हाक-बोंब केली नाही.

सोसायटीची परवानगी नव्या दुकानाला. हात बदलतो तो जुन्या परवान्याचा. खाली कोण बसणार हे वरच्या मजल्याला कळतं ते सुतारकाम सुरू झाल्यावरच. मग कुणी तरी दारावरचा परवान्याचा फलक वाचून घेतं, त्यावरचं नाव आणि क्रमांक उतरवतं, आणि अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, यांच्या नावे अर्ज लिहितं. नोटीस निघाली तर ती त्या फलकावरच्या नावाला जाते, आणि तो माणूस एव्हाना बोरिवलीलाही राहत नसतो, मंगळूरला घर बांधत असतो. चालक मात्र खालीच असतो. तो शहाणा असेल तर पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून आपला मोबाइल नंबर देतो, एक्झॉस्टचं तोंड गल्लीकडे वळवतो आणि जुन्या वेटरला कामावर ठेवून घेतो, कारण कोणाला कितव्या पेगनंतर घरी पाठवायचं ते त्याला ठाऊक असतं.